कै. सवाई गंधर्व व कंठांची पारख

सोलापूरहून विजापूरकडे जाणारा रस्ता आपल्या मंद्रूपवरून जातो. या बाजूच्या गावांत मराठी व कानडी या दोन्ही भाषा एकाच ओट्यावर नांदतात. बाजारात एकीत भाव विचारावा व दुसरीत घासाघीस करावी, हा आपला नित्याचा परिपाठ आहे. याच दिशेने आणखी दक्षिणेस गेले म्हणजे होटगीवरून निघणारी आगगाडी विजापूर व गदग ही स्थानके मागे टाकून हुबळीस पोचते. आणि हुबळीपलीकडे थोड्याच अंतरावर कुंदगोळ नावाचे लहानसे गाव लागते. या गावाने मराठी रंगभूमीस व हिंदुस्थानी संगीतास एक थोर गवई दिला. त्यांचे नाव रामचंद्र गणेश सौंशी. लोक त्यांना रामभाऊ कुंदगोळकर म्हणत, व सारा महाराष्ट्र त्यांस सवाई गंधर्व या नावाने ओळखतो.

त्यांचे चरित्र आम्ही यंदा आमच्या वाचकांपुढे ठेवीत आहो, यास एक विशेष कारण आहे. शाळेच्या गायनवृंदात दरवर्षी काही मुले अशी आढळतात की, आदल्या वर्षी ज्यांच्या गळ्याची वाहवा झाली, त्यांचा आवाज एकाएकी घोगरा होतो, आणि ती लाजून मागल्या रांगेत जाऊन उभी राहतात. काही मुली अशा असतात की, त्यांचा कंठ मुळातच खोल व भारदस्त असतो. इतर मुलींच्या उंच पट्टीत त्यांस गाता येत नाही, म्हणून त्या नुसते ओठ हालवितात. पालकही मग गाणे हे आपल्या मुलाच्या नशिबी नाही, असे समजून स्वस्थ बसतात. अशा सर्वांनी रामभाऊंचे चरित्र अवश्य वाचावे. गोड गळा हातचा गेल्यावर त्यांची खरी साधना सुरू झाली, आणि पुढे निरनिराळ्या जातींचे कंठ त्यांच्याच हाताखाली घडले.

रामभाऊंचा जन्म १९ जानेवारी १८८६ रोजी झाला. कुंदगोळ हे त्या काळी जमखंडीच्या पटवर्धन संस्थानात मोडत असे. आज ते कर्नाटकाच्या धारवाड जिल्ह्यात आहे. वडील गणेशराव कारकुनी करून संसार चालवीत. घरची स्थिती बेताचीच होती. मुलाने चार बुके शिकावी, म्हणून त्यास हुबळीच्या लॅमिंग्टन शाळेत घातले; परंतु त्याचे चित्त गणितापेक्षा कवितांत अधिक रमे. कविता चालीवर म्हणावयाची झाली की, सारा वर्ग त्याच्याकडे पाही. बळवंतराव कोल्हटकर या जाणत्या गवयाने त्यास संगीताचे पहिले धडे दिले. ध्रुपदे, तराणे व चिजा मुलाने भराभर मुखोद्गत केल्या. पुढे १८९८ मध्ये बळवंतराव वारले. या वेळी रामभाऊ अवघे बारा वर्षांचे होते. आणि ज्या वयात गुरूची गरज सर्वांत अधिक, नेमक्या त्याच वयात ते पोरके झाले.

हे वय गाणाऱ्या मुलास फार नाजूक असते. आपल्या घशातील स्वरयंत्रात दोन स्वरतंतू असतात. श्वासाच्या झोताने ते कंप पावतात व त्यांतून आवाज उमटतो. तंतू आखूड व पातळ असले तर आवाज उंच, आणि लांब व जाड असले तर आवाज खालचा, असा साधारण नियम आहे. लहानपणी मुलाचा व मुलीचा कंठ जवळजवळ सारखाच असतो. पुढे साधारण बाराव्या ते पंधराव्या वर्षाच्या सुमारास मुलाचे स्वरयंत्र झपाट्याने वाढते, गळ्याची घाटी पुढे येते, आणि आवाज सुमारे एक सप्तक खाली उतरतो. मुलीचाही आवाज बदलतो, परंतु तो दोन-तीन स्वरच उतरत असल्यामुळे सहसा कोणाच्या ध्यानात येत नाही. प्रौढ पुरुषाचे स्वरतंतू साधारणतः १७ ते २५ मिलिमीटर लांब असतात, तर स्त्रीचे साडेबारा ते साडेसतरा. नवे जोडे पायात बसेपर्यंत जशी चाल अडखळते, तसा हा वाढलेला कंठ अंगवळणी पडेपर्यंत मुलाचा स्वर अडखळतो. मध्येच चिरकतो, मध्येच बसतो. यालाच आपण आवाज फुटणे म्हणतो. हा काही रोग नव्हे. परंतु या काळात मुलाची थट्टा केली किंवा त्यास जुन्याच उंच पट्टीत ओरडावयास लावले, तर कंठास कायमची इजा होण्याचा संभव असतो.

रामभाऊंचा आवाज फुटला, तो बऱ्याच मुलांपेक्षा अधिक वाईट फुटला. पूर्वीचा मधुर कंठ नाहीसा झाला व त्या जागी जड, खरखरीत असा आवाज आला. कोणी म्हणेल, येथेच गाण्याचा ग्रंथ आटोपावयाचा! परंतु मुलाची ओढ जबरदस्त होती. आणि वडिलांनीही ती मोडली नाही, ही गोष्ट आमच्या वाचकांपैकी जे पालक आहेत त्यांनी विशेष ध्यानात घ्यावी.

त्या काळी किराना घराण्याचे थोर गवई अब्दुल करीम खाँ यांचा या भागात वारंवार मुक्काम होत असे. खाँसाहेबांचा जन्म १८७२ चा, उत्तर हिंदुस्थानातील कैराना या गावचा. परंतु त्यांची कर्मभूमी आपल्याकडचीच. मिरजेत त्यांनी घर केले, १९१३ मध्ये पुण्यास आर्य संगीत विद्यालय स्थापिले, आणि १९३७ मध्ये दक्षिणेकडे प्रवासात असता देह ठेविल्यावर त्यांचे दफनही मिरजेच्या दर्ग्याच्या आवारातच झाले. त्यांचा आवाज उंच पट्टीचा, बारीक व अत्यंत रेशमी असे. पुरुषाच्या कंठातून इतका हळुवार व उंच स्वर निघावा, याचे ऐकणारास नवल वाटे. त्यांच्या ध्वनिमुद्रिका आजही ऐकावयास मिळतात. ज्याने त्या ऐकल्या, त्यास आमचे म्हणणे पटेल.

अशा गुरूपुढे हा घोगऱ्या आवाजाचा मुलगा जाऊन उभा राहिला. आठ वर्षे शिष्य म्हणून जवळ राहावयाचे, अशी अट घालून खाँसाहेबांनी त्यास पत्करले, असे सांगतात. येथे एक मोठीच अडचण होती. गुरूचा कंठ एका जातीचा, शिष्याचा अगदी दुसऱ्या जातीचा. शिष्याने गुरूची हुबेहूब नक्कल करू म्हटले असते, तर गळा फाटला असता व गाणेही हाती लागले नसते. त्याने गुरूपासून घेतला तो स्वराचा नेमकेपणा. किराना घराण्यात स्वरास सर्वांत अधिक मान आहे. राग सावकाश, एकेक स्वर उलगडीत, खालून वर चढवावयाचा, अशी तेथील रीत. एकच राग महिनेच्या महिने घोटावा, एकच पलटा शेकडो वेळा म्हणावा, अशी ही तालीम होती. तंबोऱ्याच्या षड्जात आपला स्वर पूर्ण मिसळेपर्यंत पुढचा स्वर घ्यावयाचा नाही, असा जेथे दंडक असतो, तेथे गळ्याच्या उपजत गोडीपेक्षा कानाची पारख व धीर यांचीच अधिक कसोटी लागते. रामभाऊ त्या कसोटीस उतरले.

त्यांच्या कंठाचे एक वैशिष्ट्य पुढेही आयुष्यभर टिकले. मैफलीच्या आरंभी त्यांचा आवाज लागावयास वेळ लागे. नवखा श्रोता पहिली काही मिनिटे चुळबूळ करी. परंतु जाणते लोक स्वस्थ बसून राहत, कारण एकदा तो कंठ तापला म्हणजे त्यातून जे गाणे निघे, त्यास तोड नसे. आम्हांस असे वाटते की, किरान्याची सावकाश बढत ही अशा कंठास सर्वांत मानवणारी गायकी होती. मंद्र सप्तकातून हलके हलके वर येताना आवाजास तापावयास अवसर मिळे; पहिल्याच झपाट्यात तार सप्तकावर झेप घेण्याचा प्रसंग त्यास येत नसे. ज्याला आपल्या कंठाची मर्यादा कळली, त्याला तिच्यातून वाट काढता येते, याचे याहून चांगले उदाहरण आम्हांस माहीत नाही.

पुढे गुरूच्या इच्छेविरुद्ध रामभाऊ नाटकमंडळीत शिरले. आजच्या विद्यार्थ्यांस येथे थोडा खुलासा केला पाहिजे. अण्णासाहेब किर्लोस्करांनी १८८० मध्ये शाकुंतल व १८८२ मध्ये सौभद्र रंगभूमीवर आणले, तेव्हापासून संगीत नाटकाने महाराष्ट्रास वेड लाविले. परंतु कुलीन स्त्रियांनी रंगभूमीवर यावे, हे त्या समाजास मान्य नव्हते. म्हणून नायिकेची भूमिकाही पुरुषच करीत. शकुंतला, सुभद्रा, भामिनी या सर्व पुरुषांच्या कंठाने गात. अशी चाल केवळ आपल्याकडेच होती असे नव्हे. इंग्लंडातील जुन्या ख्रिस्तमंदिरांच्या गायनवृंदांतही स्त्रियांना प्रवेश नसे, व वरच्या पट्टीचे स्वर लहान मुले आणि विशेष तयारीचे पुरुष गात. पुरुषाने नैसर्गिक आवाज बाजूस ठेवून मस्तकातून निघणाऱ्या हलक्या स्वराने स्त्रीच्या पट्टीत गावे, अशी ती विद्या. अशा गायकास तिकडे काउंटरटेनर म्हणतात. आपल्या नटांनी मात्र निराळी वाट काढली. त्यांनी सहसा कृत्रिम बारीक आवाज काढला नाही. आपल्याच पुरुषी कंठात लालित्य, मार्दव व लडिवाळपणा आणून नायिका उभी केली.

या कलेचे मुकुटमणी म्हणजे नारायणराव राजहंस ऊर्फ बालगंधर्व. ते १८८८ साली जन्मले व १९६७ साली वारले. रामभाऊ त्यांचे समकालीन, वयाने दोन वर्षांनी वडीलच. स्त्रीभूमिकांत रामभाऊंनीही मोठाच लौकिक मिळविला. त्यांची सुभद्रा पाहून अमरावतीस दादासाहेब खापर्डे यांनी त्यांना सवाई गंधर्व ही पदवी दिली, अशी आख्यायिका आहे. सवाई म्हणजे सव्वापट. एक गंधर्व आधीच गाजत असता दुसऱ्याला असे नाव मिळावे, यावरून त्यांच्या गायनाची छाप लोकांवर किती पडली असेल, याची कल्पना येईल. ज्या मुलाचा आवाज फुटला म्हणून लोक हळहळले होते, तोच कंठ आता भरल्या नाट्यगृहात नायिकेची पदे गात होता!

कालांतराने रामभाऊंनी रंगभूमी सोडली व ते सर्वस्वी मैफलीच्या गाण्याकडे वळले. परंतु त्यांच्या आयुष्यातील सर्वांत मोठे कार्य, आमच्या मते, याहून वेगळेच आहे. ते त्यांनी शिष्यांच्या रूपाने केले. त्यांच्या तीन शिष्यांचे कंठ शेजारी शेजारी ठेवून पाहा.

पहिले भीमसेन जोशी. यांचा जन्म १९२२ चा, गदगकडचा. खाँसाहेबांची ध्वनिमुद्रिका ऐकून गाण्याच्या वेडाने हा मुलगा घर सोडून हिंदुस्थानभर भटकला व अखेर आपल्याच प्रांतात कुंदगोळास येऊन गुरूच्या घरी राहिला. पाण्याच्या घागरी वाहाव्या, पडेल ते काम करावे व मिळेल तेवढे शिकावे, असा त्याचा क्रम होता. हा कंठ मोठा, धबधब्यासारखा व तिन्ही सप्तकांत फिरणारा झाला. २००८ मध्ये त्यांस भारतरत्न जाहीर झाले.

दुसरे फिरोज दस्तूर, मुंबईचे पारशी गृहस्थ. बालपणी १९३३ च्या एका बोलपटात ते नटगायक म्हणून चमकले होते. यांचा कंठ उंच व कोमल. खाँसाहेबांच्या गायकीची आठवण करून देणारा. आजोबांची चेहरेपट्टी कधी कधी मुलास सोडून नातवाच्या तोंडावर उमटावी, तसे येथे झाले.

तिसऱ्या गंगूबाई हनगल. यांचा जन्म १९१३ मध्ये धारवाडास झाला. १९२४ मध्ये बेळगावास महात्मा गांधींच्या अध्यक्षतेखाली काँग्रेसचे अधिवेशन भरले, त्या वेळी झालेल्या स्वागतगीताच्या गायनात या अकरा वर्षांच्या मुलीचा आवाज होता. पुढे हुबळीहून आगगाडीने कुंदगोळास जाऊन त्या रामभाऊंपाशी शिकत. गुरू एका वेळी मोजकेच स्वरसमूह देत व ते पक्के झाल्याखेरीज पुढे जात नसत. गंगूबाईंच्या तरुणपणच्या ध्वनिमुद्रिकांत त्यांचा आवाज बारीक व उंच आहे. नंतर घशातील टॉन्सिलच्या विकारावर उपचार झाले, आणि त्यांचा आवाज इतका खाली उतरला की, नुसते ऐकणारास पुरुषच गातो आहे असा भास व्हावा. स्त्रीच्या गाण्याविषयी लोकांच्या ज्या ठरीव कल्पना असतात, त्यांत हा आवाज कोठेच बसत नव्हता. दुसरी कोणी असती तर तिने तंबोरा खुंटीस टांगला असता. गंगूबाईंनी पट्टी खाली आणली, नव्या कंठाचे वजन ओळखले, व त्याच आवाजात पुढे अर्धशतकाहून अधिक काळ गाऊन देशभर कीर्ती मिळविली. २००२ मध्ये त्यांस पद्मविभूषण मिळाले. २००९ मध्ये त्या निवर्तल्या. गुरूने त्यांना स्वर दिला होता, विशिष्ट जातीचा आवाज दिला नव्हता. म्हणून आवाज बदलला तरी विद्या शाबूत राहिली.

१९४२ मध्ये, वयाच्या छप्पन्नाव्या वर्षी, रामभाऊंना पक्षघाताचा झटका आला व त्यांचे जाहीर गायन थांबले. ज्या कंठासाठी एवढे श्रम केले, तोच आता साथ देईना! तरीही त्यांनी शिकविणे सोडले नाही. १२ सप्टेंबर १९५२ रोजी पुण्यास त्यांचे देहावसान झाले. त्यांच्या स्मरणार्थ १९५३ पासून पुण्यात संगीताचा उत्सव भरू लागला. भीमसेन जोशींनी तो अनेक वर्षे आपल्या खांद्यावर वाहिला, आणि त्यांच्या निधनानंतर त्यास सवाई गंधर्व भीमसेन महोत्सव असे गुरुशिष्यांचे जोडनाव मिळाले.

आता हे चरित्र आपल्या शाळेच्या गायनवृंदास काय शिकविते, ते थोडक्यात पाहू. पाश्चात्य पद्धतीच्या वृंदगायनात कंठांचे चार वर्ग करतात. स्त्रियांतील उंच कंठास सोप्रानो, खालच्यास आल्टो. पुरुषांतील उंच कंठास टेनर व खालच्यास बास. परंतु निसर्गाने माणसे घडविताना या चार खणांची पेटी पुढे ठेविली नव्हती. बहुतेकांचे कंठ मधलेच असतात, व त्यांना सोयीसाठी वर किंवा खाली ढकलले जाते. खरी खोल स्त्रीवाणी व खरा उंच पुरुषकंठ हे विरळा आढळतात. आणि विरळा म्हणून बहुधा तेच वगळले जातात.

आपल्या पेटीवर पाहिले तर अडचण चटकन ध्यानात येते. स्त्रिया साधारणतः काळी चार किंवा पाचच्या आसपास षड्ज धरतात, पुरुष काळी एक किंवा दोनच्या आसपास. सर्वांनी एकाच पट्टीत गावे असे ठरविले, तर कोणाची तरी ओढाताण होणारच. जाणते गवई यातून एक मार्ग काढतात : काळी एकचा पंचम म्हणजेच काळी चार होय, तेव्हा पुरुषाचा जो पंचम, तोच स्त्रीचा षड्ज मानून दोघांस एकत्र गाता येते. वृंदासाठी चाल बसवितानाही हे सूत्र उपयोगी पडते. काही कडवी मुलींना त्यांच्या पट्टीत द्यावी, काही मुलांना त्यांच्या पट्टीत द्यावी, व ध्रुवपद असे बांधावे की, ते पाच-सहा स्वरांच्या आतच फिरेल आणि दोघांच्याही कंठात बसेल.

ज्या मुलाचा आवाज फुटत आहे, त्यास वृंदाबाहेर काढू नये. त्याच्या हाती त्या काळात जे पाच-सहा स्वर असतील, ते पेटीवर शोधावे आणि तेवढ्यातच फिरणारी एक ओळ त्याच्यासाठी बांधावी. निदान षड्ज-पंचमाचा आधार धरण्याचे काम त्यास द्यावे. दर दोन-तीन महिन्यांनी त्याचे स्वर पुन्हा तपासावे, कारण त्या वयात ते बदलत असतात. ज्या मुलीचा कंठ खोल आहे, तिला उंच स्वरांसाठी ताणू नये. तिला खालची ओळ द्यावी, व ती ओळ दुय्यम नाही हे तिला पटवून द्यावे. इमारतीच्या पायाकडे कोणी पाहत नाही, पण माडी उभी असते ती त्याच्याच बळावर. ज्या मुलाचा आवाज फुटूनही उंच राहिला, त्याची थट्टा करणाऱ्यांस अब्दुल करीम खाँसाहेबांची एक ध्वनिमुद्रिका ऐकवावी. आम्हांस वाटते, तेवढे पुरे होईल. आणि सर्वांत महत्त्वाचे हे की, चाल आधी ठरवून मग तिच्यात मुले कोंबू नयेत. आधी मुलांचे कंठ पाहावे व मग त्यांच्या मापाने चाल बेतावी. शिंपी देखील अंगाचे माप घेतल्यावाचून कापडास कात्री लावीत नाही.

विद्यार्थिमित्रहो, तुमच्यापैकी प्रत्येकाचा कंठ सवाई गंधर्वांसारखा होईल, असे आम्ही म्हणत नाही. परंतु रामभाऊंच्या वडिलांनी त्या खरखरीत आवाजाकडे पाहून मुलाचे गाणे बंद केले असते, किंवा खाँसाहेबांनी त्यास दारातूनच परत पाठविले असते, तर आपण एका गवयास मुकलो असतोच, शिवाय त्याच्या मागून आलेल्या भीमसेन, फिरोज दस्तूर व गंगूबाई यांनाही तो गुरू लाभला नसता. तेव्हा पुढच्या वर्षी गायनवर्गात नावे घेतली जातील, त्या वेळी आपला आवाज बसला आहे किंवा फार जाड आहे, एवढ्याच कारणासाठी कोणी मागे राहू नये; आणि पालकांनीही आपल्या मुलास मागे राहू देऊ नये.